शालू, डांबरगोळ्या आणि कूलर

ताई, लग्नातला शालू दुकानाच्याच प्लास्टिकच्या पिशवीत राहू द्यावा का, असं विचारलंय तुम्ही. नका हो. आत दमट हवा कोंडते. खऱ्या जरीत चांदीची तार असते, ती अशाने काळवंडते. जुन्या धोतराचा किंवा मलमलचा धुतलेला तुकडा घ्या आणि त्यात सैल गुंडाळा.

आमच्या जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, म्हणजे कपाट कोरडंच असणार, असं मलाही वाटायचं. पण कपाट नेमकं कूलरच्या झोतात होतं! उन्हाळा संपता संपता पदराला कुबट वास. मग ते आतल्या खोलीत हलवलं. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका. आई कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत ठेवते, पण खडखडीत वाळलेला. ओला ठेवलात तर डाग ठरलेला. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं.

आणि हळदीच्या डागाला साबण लावू नका, लाल होतो. ड्रायक्लीनवाल्याला डाग दाखवूनच द्या. उन्हात हळद उडते खरी, पण तिच्यासोबत शालूचा रंगही जाईल.