बेळगाव जिल्ह्याचे गव्हर्नर आणि राज्यपाल: १८१८ पासूनचा तक्ता कसा लावावा?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी आपल्या जिल्ह्यावर ज्या गव्हर्नरांचा आणि राज्यपालांचा अंमल होता, त्यांचा तक्ता करायचा आहे. कर्नाटकाची यादी म्हैसूरच्या महाराजांपासून सुरू होते. मुंबईच्या दोन याद्या ताडून पाहिल्या, तर १८३०-३१, १८३८ आणि १९३१ या ठिकाणी नावं जुळत नाहीत. शहापूर, रायबाग त्यातच धरायचे का? आणि १९५६ ला मुंबईचं शेवटचं नाव कोणतं?

दप्तरवाला
आधी एक ठरवा, यादी राज्याची नाही, मुलखाची करायची. बेळगाव ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबईकडे होतं. त्यामुळे त्या तारखेपर्यंत मुंबईचेच गव्हर्नर आणि राज्यपाल येतील. आजच्या राज्याची यादी मागे ओढत नेली की १३८ वर्षं गायब होतात, आणि सीमाभागातल्या स्मरणिकांनी तरी ते होऊ देऊ नये.

सुरुवात जरा जपून करा. किल्ला १८१८ साली टॉमस मन्रोने घेतला, पण त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा दख्खनचे कमिशनर होते, ते गव्हर्नर झाले १ नोव्हेंबर १८१९ ला. 'किल्ला पडला तेव्हा गव्हर्नर एल्फिन्स्टन' असं छापू नका. कित्तूरचा उठाव आणि कलेक्टर थॅकरेचा मृत्यू (ऑक्टोबर १८२४) मात्र त्यांच्याच कारकिर्दीत येतो. बेळगाव हा वेगळा जिल्हा झाला १८३६ साली, सर रॉबर्ट ग्रँट यांच्या काळात. त्याआधी ते धारवाडात होतं, तशी टीप खाली द्या.

याद्या जुळत नाहीत त्या हंगामी गव्हर्नरांमुळे. गव्हर्नर वारला, किंवा नवा यायच्या आत जुना निघून गेला, की कौन्सिलातला वरिष्ठ माणूस सूत्रं हाती घ्यायचा. विलायतेहून जहाज यायलाच महिनोन्‌महिने लागत, म्हणून जुन्या काळात ही मधली नावं जास्त दिसतात. गव्हर्नर सर जॉन माल्कम १८३० च्या डिसेंबरात गेले, सरसेनापती बेकविथ बसले, ते जानेवारीत वारले, मग जॉन रोमर, आणि मार्च १८३१ मध्ये लॉर्ड क्लेअर. ग्रँट जुलै १८३८ मध्ये दापोडीला वारले, तेव्हा पुढच्या मे अखेरपर्यंत जेम्स फॅरिश. १९३१ साली सर फ्रेडरिक साइक्स रजेवर असताना सर अर्नेस्ट हॉटसन. फर्ग्युसन कॉलेजात २२ जुलैला वासुदेव बळवंत गोगटे यांनी गोळ्या झाडल्या त्या याच हॉटसनवर, हंगामी गव्हर्नर असताना.

तक्त्यात नेमणूक, सूत्रं घेतल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख असे तीन रकाने ठेवा. काही याद्या नेमणुकीची तारीख छापतात, काही प्रत्यक्ष रुजू झाल्याची. दोन्हींची सरमिसळ झाली की एकाच दिवशी दोन गव्हर्नर दिसतात, नाहीतर मध्ये खिंडार पडतं.

शहापूर_पेठ
संस्थानी भागासाठी वेगळा तक्ता हवा. शहापूर सांगलीचं होतं, रायबाग कोल्हापूरचं. तिथे मुंबईचा गव्हर्नर थेट राज्य करत नव्हता, त्याचा वचक पोलिटिकल एजंटामार्फत (संस्थानांवर देखरेख ठेवणारा इंग्रज अधिकारी) चाले. १९३३ मध्ये डेक्कन स्टेट्स एजन्सी झाली आणि हा दुवा थेट हिंदुस्थान सरकारकडे गेला. सांगली मार्च १९४८ मध्ये मुंबईत विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. शहापूरच्या १९४० सालच्या कोनशिलेवर गव्हर्नर शोधू नका, संस्थानिकाचं नाव बघा.

कोनशिला
नावांबद्दल थोडं. एल्फिन्स्टन दोन आहेत: माउंटस्टुअर्ट (१८१९–२७) आणि त्यांचे पुतणे लॉर्ड जॉन (१८५३–६०). १८५७ च्या वेळी गादीवर पुतणे होते. सर जॉर्ज क्लार्क आणि लॉर्ड सिडनहॅम हे मात्र एकच (१९०७–१३), दोनदा धरू नका. जॉर्ज लॉईड मुंबईत असेपर्यंत (१९१८–२३) 'सर' होते, लॉर्ड झाले नंतर. विलिंग्डन मुंबईचे गव्हर्नर १९१३–१८ आणि व्हाइसरॉय १९३१–३६. म्हणजे 'व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन' असं कोरलेला दगड पहिल्या महायुद्धातला असूच शकत नाही.

खानापूरकर
आभार. १९५६ चं तेवढं राहिलं. मी हरेकृष्ण महताब लिहिले होते.

दप्तरवाला
ते खोडा. महताब १४ ऑक्टोबर १९५६ ला पायउतार झाले आणि श्रीप्रकाश १० डिसेंबरला आले. मधले जवळपास दोन महिने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला हंगामी राज्यपाल होते, आणि १ नोव्हेंबरची राज्यांची फेररचना नेमकी त्यात सापडते. म्हणून आपल्या जिल्ह्यासाठी मुंबईचं शेवटचं नाव छागलांचं. १ नोव्हेंबरपासून म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडेयर. ते ३१ ऑक्टोबरपर्यंत म्हैसूरचे राजप्रमुख (जुन्या संस्थानी राज्यातलं राज्यपालासारखं पद) होते. सातव्या घटनादुरुस्तीने ते पद गेलं आणि ते राज्यपाल झाले, मे १९६४ पर्यंत. त्यांच्यानंतर जनरल श्रीनागेश, जन्म कोल्हापूरचा. आणि चंदगडकरांनी हा तक्ता तसाच उचलू नये: तो तालुका वगळूनच जिल्हा म्हैसूरला दिला गेला. त्यांच्याकडे छागलांनंतर श्रीप्रकाशच येतात.