नळ आहे, पाणी कुठाय? पुढाऱ्याचे विधान बातमीदाराने तपासावे की नाही

डिचोलीकर:
ऑक्टोबर २०२० मध्ये गोवा देशातले पहिले 'हर घर जल' राज्य, म्हणजे गावांतल्या प्रत्येक घरात नळ असलेले राज्य, झाल्याचे जाहीर झाले. गावांतल्या २.३० लाख घरांना नळ. ऑगस्ट २०२२ मध्ये तेच 'प्रमाणित' झाले, तोवर घरे २.६३ लाख. दोन्ही वेळा बातम्या वाचल्या. आमच्या वाड्यावर नळ आहे, नाही म्हणत नाही. एप्रिल-मेमध्ये त्यातून वारा येतो आणि आम्ही टँकरची वाट बघतो.

गंमत अशी की योजनेच्या हिशेबात नळ म्हणजे माणशी रोज ५५ लिटर पाणी, आणि प्रमाणपत्र मिळते ग्रामसभेच्या ठरावावर. म्हणजे तपासायला दिल्लीला जायला नको. एखाद्या पंचायतीत जाऊन ठराव बघायचा, बाजूच्या चार घरांत नळ सोडून बघायचा. मंत्र्याच्या वाक्याखाली, त्याच बातमीत, एवढे दोन ओळींत यायला काय हरकत? दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखात नको. वाचकांच्या पत्रात तर नकोच, तिथे मी लिहितोच.

रातपाळी:
डिचोलीकरबाब, मी वीसेक वर्षे पेपरच्या डेस्कवर काढली, म्हणून बोलतो. सकाळी पर्वरीत पत्रकार परिषद, दुपारी कुठेतरी पायाभरणी, संध्याकाळी सत्कार, आणि हे सगळे एकाच पोराकडे. साडेसातला पान सोडायचे. तो पंचायतीत कधी जाणार? पंचायत तोवर बंद.

शिवाय मंत्री जे बोलला ते अवतरणात जसेच्या तसे देणे हेही काम आहे. कात्रण राहते म्हणून तर तुम्ही आज २०२० ची तारीख काढलीत! बातमीत शेरे मारायला मुभा दिली की प्रत्येक जण आपल्या पक्षाचा शेरा मारणार. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, या जनमत कौलाच्या वेळी 'गोमन्तक' पेपर विलीनीकरणाच्या बाजूचा, 'राष्ट्रमत' विरोधातला, दोन्ही मराठीच. खरे कोणाकडे होते, हे बातमीदाराने ठरवायचे होते काय?

कुळागर:
तुम्ही दोन गोष्टींची खिचडी करताय. विलीनीकरण हवे की नको हे मत. ते लोकांनी १६ जानेवारी १९६७ ला ३४ हजारांच्या फरकाने सांगितले, नको म्हणून. पाणी येते की नाही हे मत नव्हे, नळ सोडला की कळते.

आणि अवतरणाचे म्हणाल तर, फेब्रुवारी १९५० मध्ये अमेरिकेतल्या व्हीलिंग गावात सिनेटर मॅकार्थी म्हणाला, परराष्ट्र खात्यातल्या २०५ कम्युनिस्टांची यादी माझ्याकडे आहे. दोन-तीन दिवसांत त्याचे ५७ झाले. वृत्तसंस्थांनी आकडे पाठवले, पेपरांनी छापले, अगदी तुम्ही म्हणता तसे. सिनेटने त्याचा निषेध केला १९५४ च्या डिसेंबरात. मधल्या काळात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांनी कात्रणे घेऊन काय करायचे होते?

त्याच देशात जानेवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या वाचक-प्रतिनिधीने, आर्थर ब्रिसबेनने, वाचकांना विचारले की आमच्या बातमीदारांनी पुढाऱ्यांची विधाने तपासावीत का. वाचक भडकले. हे विचारावे लागते, याचाच त्यांना राग आला.

तिस्को:
पहिल्या पानावर अर्धे पान सरकारी जाहिरात, तिच्याच बाजूला 'पाणी येत नाही'. छापून दाखवा.

मांडवीपार:
मला वेगळीच भीती आहे. तपासायला काय घ्यायचे हे कोण ठरवणार? खाणींचेच बघा. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा ३४,९३५ कोटींचा आकडा २०१२ पासून सभांमध्ये 'एवढे लुटले' म्हणून फिरतोय. आयोगाने तो अंदाज म्हणून मांडला होता, कोर्टाचा निवाडा नव्हे. विरोधकांच्या तोंडचा हा आकडा किती बातमीदारांनी अडवला? सत्तेतल्याचे तेवढे तपासायचे असेल तर ती तपासणी नव्हे, प्रचार झाला.

डिचोलीकर:
हे मान्य. मी स्वतः तो आकडा चहाच्या टपरीवर शंभरदा फेकलाय. तोही तपासा, मी कुठे नको म्हणतो? पण बातमीदार हात वर करून बसला तर ती जागा मोकळी राहत नाही. केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून स्वतःच्या कामाबद्दलचे खरे-खोटे स्वतःच ठरवणारा कक्ष आणायचा घाट घातलाच होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द केला म्हणून बरे.

रातपाळी:
एक कबूल करतो. एकदा आम्ही तपासले होते. 'चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) रस्ता पूर्ण' असे विधान आले, पोराला स्कूटरवर पाठवले, तर अर्ध्यावर हॉटमिक्स डांबर संपलेले. 'पूर्ण झाल्याचा दावा, पाहणीत अर्धाच' असे छापले. सकाळी संपादकांना फोन. पुढच्या दोन पत्रकार परिषदांचे निमंत्रणच आले नाही. पण त्या गावात अंक नऊच्या आत संपला, हेही खरे.

रोज जमणार नाही. आठवड्याला एक विधान धरले तर जमेल. तुमच्या पंचायतीतला तो ठराव काढा. माझ्या ओळखीची पोरे अजून आहेत.

डिचोलीकर:
सोमवारी पंचायतीच्या सेक्रेटरीकडे अर्ज देतो.

तिस्को:
बघा हां, ग्रामसभेच्या हजेरीत तुमचीच सही निघायची.

डिचोलीकर:
त्या दिवशी मी गेलो होतो की नाही, तेच आठवतोय.