दगडावरची अमूर्त मुंबई: टूशचे वॉश छापताना काळे का पडतात?

काजळवॉश:
करड्या लिथो दगडावर (ज्यावर चरबीने चित्र काढून शाईने छापतात) मरीन ड्राइव्हची कमान आणि तिच्यामागे गल्ल्यांची जाळी, असं अमूर्त काम आहे. पाण्यात कालवलेल्या टूशच्या (चरबीयुक्त काळ्या शाईच्या) वॉशला, म्हणजे पातळ थराला, सुकताना सुंदर सुरकुत्या आल्या. पहिली चार प्रूफं (चाचणीचे छाप) नीट आली, मग मधले करडे भरत जाऊन सपाट काळे झाले. एच (चरबी आवरायला दगडावर लावायचा आम्ल घातलेला डिंक) सगळीकडे एकच: 30 मिली अरबी डिंकाच्या द्रावणात नायट्रिकचे 4 थेंब. गल्ल्याही पांढऱ्या हव्यात.

कोरडारोलर:
एकच एच, तिथेच घोटाळा. डबकं साचून सुकलं की तिथे चरबी जास्त उतरते. 4 थेंब तिला आवरत नाहीत. करड्या दगडावर फिकट कडांना 3-4, मधल्या छटांना 8-10, गडद डबक्यांना 12-15 थेंब, वेगवेगळ्या ब्रशने. आधी कोपऱ्यावर एचचा थेंब टाकून बघा. लगेच फेसाळला तर डिंक वाढवा. रात्रभर ठेवा, टर्पेंटाइनने धुवा, ॲस्फाल्टम (डांबरासारखा काळा द्रव) अगदी पातळ चोळा, शाई चढवा, राळ व टाल्कची पूड लावून दुसरा एच द्या.

छापताना शाई घट्ट ठेवा, मॅग्नेशियम कार्बोनेट घालून. रोलर हळू फिरवला की शाई बसते, झपकन फिरवला की उचलली जाते. करडे भरायला लागले की लगेच चार-पाच झपके मारा. पूर्ण सपाट झालेल्या सुरकुत्या मात्र परत येत नाहीत. तो भाग नव्या दगडावरच.

बाभूळडिंक:
नव्या दगडावर गल्ल्या आधी डिंकाने रेखा, रूलिंग पेनने (रेघा आखायच्या पेनने), आणि पूर्ण सुकू द्या. त्यावर पाण्याचा वॉश नको, डिंक विरघळून रेघा फुटतात. तिथे टर्पेंटाइनमधली टूश किंवा लिथो क्रेयॉन. सुरकुत्यांवरून जाणाऱ्या गल्ल्या सुईने खरवडा, पण एचच्या आधी. नंतर खरवडल्यास तिथे पुन्हा एच द्यावाच लागतो, नाहीतर उघडा पडलेला दगड शाई धरतो.

काजळवॉश:
दुसऱ्या रंगाचं काय?

कोरडारोलर:
वेगळा दगड. रविवर्मा प्रेसच्या रंगीत चित्रांनाही रंगागणिक दगड लागत. शाईत भरपूर ट्रान्स्परंट बेस (रंग पारदर्शक करणारं माध्यम) घाला, खालचा करडा जिवंत राहतो. दोन्ही रंग जागेवर जुळावेत म्हणून दोन्ही दगडांवर एका कडेला T आकाराची खूण आणि समोरच्या कडेला आडवी रेघ. कागदाच्या पाठीवरही त्याच खुणा. कागद ओला करून छापू नका, ताणला जाऊन खुणा चुकतात. आणि छाप उलटी येते: समुद्र डावीकडे हवा असेल, तर दगडावर तो उजवीकडे काढा.