मदत हवी आहे : केस चालू व्हायच्या आधीच व्हिडिओ कोर्टातून बाद करता येतो का?

वावरवाला
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हून इथं लिहून रायलो. लहान्या भावावर केस आहे, पुढच्या पेशीला चार्ज ऐकवणार म्हणते. त्याच्यात जो व्हिडिओ लावला तो दमदाटी करून काढलेला आहे, चार-पाच जण अंगावर धावून गेले तं माणूस काय बोलन, जे म्हणा ते बोलते. आन पोलिसांनी कबुली लिहून घेतली, खाली सही घेतली. मले एवढंच पाह्यजे का हा व्हिडिओ आन ती कबुली केस चालू व्हायच्या आधीच कोर्टानं बाद करावी, म्हणजे पुढं काही रायतच नाई. कोणता अर्ज लागते? नमुना असन तं टाका. वकिलाले इचारलं तं पाहू पाहू म्हणते. बुढीचं जेवणखावण सुटलं आहे, लवकर सांगा.

पैनगंगा
कशाची केस आहे ते तं लिहा भाऊ.

काळा कोट
दादा, गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा की नंतरचा? त्यावर जुना कायदा की नवा ते ठरतं. कलमं कोणती? व्हिडिओ पोलिसांनी काढला की गावातल्यांनी? कबुली ठाण्यात झाली की मॅजिस्ट्रेटसमोर? चार्जशीटच्या नकला मिळून किती दिवस झाले? हे कळल्याशिवाय नमुना देणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा देणं.

वर्धेकर
वकील बदला आधी. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, माझ्या चुलत्यावर दारूची केस होती, पंच कोर्टात फितूर झाले अन् सुटला बिचारा. तुम्ही पंच कोण आहेत ते पाहा, व्हिडिओ-बिडिओ सोडा.

काळा कोट
वर्धेकर, पंचांना भेटायला जा असं कुणाला सुचवू नका. साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप आला तर भावाचा जामीन जाईल.

वर्धेकर
भेटा कुठं म्हटलं मी, पाहा म्हटलं.

न्यू जर्सीतला वऱ्हाडी
मी मूळचा दर्यापूरचा. इथं अमेरिकेत याला वेगळी सुनावणी असते, ट्रायलच्या आधी. पोलिसांनी बेकायदा झडती घेतली किंवा दमदाटीनं जबाब घेतला तर आरोपीचा वकील अर्ज करतो आणि जज तो पुरावा आधीच बाहेर काढतो, ज्युरीच्या कानावर पडूच देत नाही. झडतीचा हा नियम १९६१ च्या मॅप विरुद्ध ओहायो निकालानंतर सगळ्या राज्यांना लागू आहे. तसाच अर्ज करायला सांगा, घटनेतला हक्क आहे.

काळा कोट
तो तिकडचा हक्क आहे. आपल्याकडे ज्युरीच नाही, जो पुरावा ऐकतो तोच न्यायाधीश निकाल देतो, त्यामुळे ज्युरीपासून लपवायचा प्रश्न येत नाही. आणि झडती बेकायदा होती एवढ्यावर पुरावा बाद होत नाही, १९७४ चा पूरणमलचा निकाल आहे, पुरावा संबंधित असेल तर चालतो. चोरून केलेल्या रेकॉर्डिंगवर त्याआधीचा मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकालही तसाच. लोक पिक्चर पाहून येतात आणि आम्हाला विचारतात तो अर्ज का करत नाही.

न्यू जर्सीतला वऱ्हाडी
म्हणजे मारून घेतलेलं बोलणंही चालतं तुमच्याकडे? हे बरोबर वाटतं का तुम्हाला?

काळा कोट
मारून घेतलेली कबुली चालत नाही, ते कलमच वेगळं आहे. झडती वेगळी, कबुली वेगळी. मूळ धागाकर्त्याला उत्तर देऊ द्या.

वावरवाला
मोटर चोरीची केस आहे. शेजारच्या वावरातल्या विहिरीवरची मोटर. गुन्हा मागच्या हिवाळ्यातला आहे, म्हणजे नवीनच कायदा. व्हिडिओ पोलिस पाटलाच्या घरी काढला, पोलिस यायच्या आधी, मोटरवाल्याच्या पोरानं त्याच्या मोबाईलवर. कबुली ठाण्यातली आहे, मॅजिस्ट्रेट साहेबांसमोर नाई. आन मोटर नाल्यात सापडली, पऱ्हाटीच्या ढिगाखाली, भावानं दाखवली असं पंचनाम्यात लिहिलं.

काळा कोट
मोटर सापडली हे आता सांगता होय! हाच तर केसचा कणा आहे.

कास्तकार पुत्र
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आमची मोटर गेली, मग केबल कापून नेली, ऐन हरभऱ्याच्या पाण्यात. रात्रीची लाईन, विहिरीवर जाऊन पाह्यतो तं नुसता पाईप. कर्ज काढून नवी घेतली. त्या कास्तकाराचं काय म्हणून कोणी इचारत नाई, सगळे कलमं शोधून रायले.

वावरवाला
तुमचं दुःख समजते दादा, आम्ही पण कास्तकारच आहो. पण भावानं नेली नाई, मी त्याले लहानाचं मोठं केलं. त्या रात्री तो घरी होता.

पैनगंगा
केबल चोरीसाठी आम्ही गावात रात्रीची गस्त चालू केली, पाळीपाळीनं. तुमच्याकडं आहे का गस्त?

निवृत्त शिरस्तेदार
नोकरी कोर्टातच गेली म्हणून लिहितो. असा आधीच बाद करण्याचा अर्ज कोणी दिला तर मॅजिस्ट्रेट साहेब त्यावर सरकारी वकिलाचं म्हणणं मागवतात आणि बहुतेक वेळा 'पुराव्याच्या वेळी पाहू' असं लिहून निकाली काढतात. २००१ च्या बिपिन पांचाळ निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की पुराव्यावर हरकत आली तर ती नोंदवा, कागदाला तात्पुरती निशाणी, म्हणजे पुराव्याचा नंबर, द्या आणि ग्राह्य की नाही ते शेवटी ठरवा, त्यासाठी केस अडवू नका; २०२१ ला त्याच कोर्टानं तो निकाल बंधनकारक मानू नका, साक्षीतल्या प्रश्नांवरच्या हरकती तिथंच किंवा त्या साक्षीदाराची साक्ष संपताना ठरवा, असं म्हटलं. म्हणून खरी वेळ ती निशाणी पडायची. साक्षीदार पिंजऱ्यात, सरकारी वकील पेन ड्राइव्ह पुढं करतो, त्या क्षणी तुमच्या वकिलानं उभं राहून हरकत घ्यायची आणि ती लिहून घ्यायला लावायची. तिथं गप्प बसले आणि अपिलात इलेक्ट्रॉनिक कॉपीसोबतचं सर्टिफिकेट नव्हतं म्हणाले तर ऐकत नाहीत, सोनू विरुद्ध हरियाणा, २०१७. मी स्वतः पाहिलं आहे, वकील बाहेर दुसऱ्या कोर्टात आणि इकडे निशाणी पडून गेली. फार वाईट वाटायचं.

अकोल्याची ताई
पण रेकॉर्डिंग चालते आता. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवरा-बायकोचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग चालेल म्हटलं ना? माझ्या बहिणीची केस चालू आहे, तिच्या सासरच्यांचं रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे, ते कसं दाखल करायचं कोणी सांगेल का?

काळा कोट
ताई, तो निकाल घटस्फोटाचा आहे, वेगळा धागा काढा, तिथं सांगतो.

वावरवाला, आता नीट वाचा. ठाण्यात पोलिसांसमोर दिलेली कबुली साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नं तशीही भावाविरुद्ध वापरता येत नाही, सही असो नसो. त्याला अर्जाची गरज नाही, पण ती वाचून दाखवायला लागले की हरकत घ्या. अपवाद एकच, ताब्यातल्या आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर सांगण्याचा तेवढाच भाग चालतो. म्हणून मोटरचा पंचनामा महत्त्वाचा. नाला उघडा, कोणीही जाऊ-येऊ शकतं, पोलिसांना जागा आधीच माहीत होती का, हे उलटतपासणीत येऊ द्या. आणि नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) कलम १०५, झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करून ते लवकर मॅजिस्ट्रेटकडे पाठवायला लागतं. ते आहे का बघा.

पाटलाच्या घरच्या व्हिडिओला दोन हरकती. मोबाईलवरची कॉपी असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट पाहिजे. २०२० ला जालन्याच्या निवडणुकीच्या केसमध्ये, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सुप्रीम कोर्टानं तेच सांगितलं, फक्त मूळ मोबाईलच मालकानं साक्षीला येऊन हजर केला तर सर्टिफिकेट लागत नाही. दुसरी हरकत दमदाटीची.

निवृत्त शिरस्तेदार
पोलिस पाटील म्हणजे पोलिसच, त्याच्यासमोरची कबुली चालतच नाही. १९६७ चा ग्राम पोलीस अधिनियम वाचा.

काळा कोट
साहेब, यावर निकाल दोन्ही बाजूंनी आहेत, इतकं ठाम लिहू नका.

निवृत्त शिरस्तेदार
मी जे कोर्टात पाहिलं ते लिहिलं.

काळा कोट
मान्य, पण तो वाद न घालताही काम होतं. साक्ष अधिनियमाचंच कलम २२ आहे, अधिकार असलेल्या माणसाच्या धमकीनं, जबरदस्तीनं किंवा आमिषानं दिलेली कबुली चालत नाही. पाटील गावात अधिकाराचाच माणूस. त्या खोलीत कोण कोण होतं, कोण काय बोललं, भावाला मार लागला होता का, दवाखान्यात दाखवलं होतं का, हे आजच कागदावर उतरवा.

वर्धेकर
नाहीतर मिटवून टाका, मोटरवाला तयार असन तं चोरीची केस मालकाच्या संमतीनं मिटते.

वावरवाला
मिटवलं तं गावात चोर तो चोरच रायते. मिटवायचं नाई.
दोष नाई म्हून आधीच सोडा, असा अर्ज करता येते का मग?

काळा कोट
येतो, दोषमुक्तीचा. बीएनएसएस कलम २६२, नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत. पण त्यात कोर्ट फक्त चार्जशीटमधले कागद बघतं, तुमच्या बाजूचा पुरावा त्या टप्प्यावर घेत नाही. मोटर सापडली असताना आशा कमी. तरी मुदत गेली का ते बघा, दिवस तुम्ही अजून सांगितलेच नाहीत.

वावरवाला
पावती घरी आहे, पाहून सांगतो. एक इचारतो, व्हिडिओ आम्हाले कोणी दाखवलाच नाई, नुसतं कागदात लिहिलं. तो मागता येते का?

काळा कोट
मागाच. आरोपीला त्याच्याविरुद्धच्या पेन ड्राइव्हची, मेमरी कार्डची कॉपी मिळायचा हक्क आहे, २०१९ चा गोपालकृष्णन विरुद्ध केरळ निकाल. ज्यात एखाद्याची अब्रू जाईल असंच काही असेल तर फक्त पाहायला देतात, तुमच्यात तसं नाही. चार्ज ऐकवायच्या आधी हा अर्ज द्या. अन् वकिलाची फी जड जात असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, नाहीतर १५१०० वर फोन लावा.

पैनगंगा
व्हिडिओ मिळाला की आधी लांबी पाहा. मधूनच सुरू होतो का, मधूनच कापला का ते पाहा.

वावरवाला
हो. उद्याच वकिलाकडं जातो, भावाले घेऊन.