दोन वर्षांच्या आतील बाळाला मेड्युलोब्लास्टोमा : रेडिएशन टाळण्याचा सल्ला का?

नाशिकचा मामा

माझ्या बावीस महिन्यांच्या भाच्याची लहान मेंदूतील गाठ नुकतीच शस्त्रक्रियेने काढण्यात आली. अहवालात मेड्युलोब्लास्टोमा (लहान मेंदूतील कर्करोगाची गाठ), क्लासिक प्रकार, असे निदान आहे आणि पाठीच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर आजार पसरलेला दिसतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला 'हाय रिस्क' म्हटले आहे. तरीही रेडिएशन सध्या द्यायचे नाही, आधी केमो आणि मग बाळाच्याच स्टेम सेल (रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी) वापरून मोठ्या मात्रेची केमो, असे ठरले आहे. धोका जास्त असताना उपचार अर्धवट का, असा घरच्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न आहे. शिवाय गाठीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) मॉलिक्युलर, म्हणजे जनुकीय, तपासणीसाठी बाहेर पाठवायला सांगितले आहेत. ती तपासणी खरोखर आवश्यक आहे का?

बालकर्करोग विभागातील डॉक्टर

बाळाचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे उत्तर सर्वसाधारण समजावे. मोठ्या मुलात असा पसरलेला आजार असेल, तर संपूर्ण मेंदू आणि पाठकण्याला साधारण 36 ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचे एकक) आणि मूळ गाठीच्या जागी एकूण सुमारे 54 ग्रे रेडिएशन देतात. तीन वर्षांच्या आतील मेंदू अजून घडत असतो. एवढ्या मात्रेने गाठ आटोक्यात आली, तरी बुद्धी, उंची आणि हार्मोन्स यांचे नुकसान जन्मभर राहते, आणि वय जितके कमी तितके ते अधिक. म्हणूनच 1980च्या दशकापासून या वयात केमोने रेडिएशन लांबवण्याचे किंवा टाळण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यामुळे याला अर्धवट उपचार म्हणता येणार नाही. केमोच्या दृष्टीने तर ही अधिक कठोर वाट आहे.

तरीही भाबडी आशा दाखवणे योग्य नाही. जर्मनीतील एका अभ्यासात (2005 साली प्रसिद्ध) तीन वर्षांखालील मुलांना शस्त्रक्रियेनंतर फक्त केमो दिली होती, आणि तिच्यात मेंदूतील पोकळीत थेट सोडलेले मेथोट्रेक्सेटही होते. गाठ पूर्ण निघालेल्या व आजार न पसरलेल्या मुलांपैकी 93 टक्के पाच वर्षांनंतर हयात होती, तर आजार पसरलेल्यांमध्ये हे प्रमाण 38 टक्के होते. अभ्यास लहान होता, पण पसरलेल्या आजारात नेहमीची केमो पुरत नाही, हे त्यातून दिसते. मोठ्या मात्रेच्या केमोचा विचार त्यामुळेच होतो.

स्टेम सेल गाठीवर उपचार करत नाहीत, हे घरच्यांना जरूर सांगा. जी-सीएसएफ या, स्टेम सेल रक्तात आणणाऱ्या औषधाची इंजेक्शने देऊन त्या रक्तातून गोळा करतात आणि गोठवून ठेवतात. मग कार्बोप्लॅटिन, थायोटेपा यांसारख्या औषधांच्या मोठ्या मात्रेने अस्थिमज्जा निकामी झाली की त्या परत सोडतात, म्हणजे रक्तपेशी पुन्हा तयार होऊ लागतात. मधल्या काळात जंतुसंसर्ग, तोंड येणे आणि प्लेटलेट कमी होणे यांना तोंड द्यावे लागते.

मॉलिक्युलर तपासणी या वयात मला अत्यावश्यक वाटते. या आजाराचे चार मुख्य गट मानले जातात. बाळांमध्ये बहुधा एसएचएच आणि ग्रुप 3 हे दोनच आढळतात, आणि त्यांच्या वाटा फार वेगळ्या आहेत. एसएचएच गट रेडिएशनशिवायही बऱ्याचदा चांगला प्रतिसाद देतो, तर ग्रुप 3मध्ये, विशेषतः एमवायसी जनुकाच्या प्रती वाढलेल्या असल्यास, आजार उलटण्याची भीती मोठी असते आणि रेडिएशनचा प्रश्न पुन्हा समोर येतो. 'क्लासिक' या शब्दावरून गट ठरत नाही. एसएचएच निघाल्यास पीटीसीएच1 आणि एसयूएफयू या जनुकांतील आनुवंशिक दोष रक्तातही तपासावेत, कारण तसा दोष असलेल्या मुलांना रेडिएशन दिलेल्या भागात पुढे त्वचेचे कर्करोग होऊ शकतात. आणि अहवालात आयएनआय1 या प्रथिनाचा उल्लेख आहे का, तेही पाहा. ते प्रथिन पेशींत नसेल, तर निदान एटीआरटी या वेगळ्या गाठीकडे झुकते.

रेडिएशन विभागातून

'प्रोटॉन दिले तर चालेल ना' हा प्रश्न पुढे येईलच, म्हणून आधीच लिहितो. प्रोटॉन म्हणजे नेमक्या खोलीवर थांबणारे कणांचे रेडिएशन; खारघर आणि चेन्नई येथे त्याची सोय आहे. पाठकण्याला रेडिएशन देताना हृदय, आतडी आणि थायरॉईड यांना जाणारी मात्रा त्याने बरीच कमी होते. परंतु संपूर्ण मेंदूला मात्रा द्यायचीच असेल, तर मेंदू प्रोटॉननेही वाचत नाही, आणि बावीस महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत खरी अडचण तीच आहे.

एका मुलीची आई

आमची मुलगी याच उपचारातून गेली. सिसप्लॅटिनने ऐकू येणे कमी होऊ शकते, म्हणून केमोपूर्वी एकदा आणि पुढे दर काही चक्रांनंतर कानांची तपासणी करून घ्या. बाळ स्वतः सांगू शकत नाही, आणि एवढ्या लहान वयात ऐकू येत नसल्याचे घरात लवकर लक्षात येत नाही. शस्त्रक्रियेनंतर बाळ गप्प झाले असेल किंवा मान सावरत नसेल, तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लहान मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलांची वाचा काही काळ जाते. त्यांना वाचा-उपचार आणि फिजिओथेरपी लवकर सुरू झालेली बरी. प्लेटलेट देणाऱ्या नातलगांची यादी आधीच तयार ठेवा. सल्ला देणारे नातलग आपोआप जमतात, रक्त देणारे शोधावे लागतात.

नाशिकचा मामा

सर्वांचा आभारी आहे. अहवालात 'आयएनआय1 शाबूत' असे लिहिलेले सापडले. तपासणीचा निकाल येईपर्यंत केमो थांबवावी का?

बालकर्करोग विभागातील डॉक्टर

थांबवू नये. शस्त्रक्रियेची जखम भरली आणि बाळाची प्रकृती स्थिर झाली की पहिली चक्रे सुरू करतात आणि निकाल मागाहून येतो. फक्त ब्लॉक पाठवताना काही नमुना मूळ रुग्णालयात शिल्लक ठेवायला सांगा, म्हणजे दुसरे मत घ्यायचे झाल्यास अडणार नाही.