वॉरंटी संपली म्हणे, गॅसचे पैसे भरा : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

वैशाली, बी-५०३ : दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, गेल्या वर्षी १२ एप्रिलला घेतलेला. यंदा २० मार्चला कूलिंग बंद पडलं, कंपनीचा माणूस फुकट गॅस भरून गेला. ९ मेपासून परत नुसता वारा. सर्व्हिस सेंटर म्हणतंय वर्ष संपलं, गॅसचे ३,८०० भरा. भरायचे का?

सावंतकाका, ए-२०१ : आज तरी नाही. आधी मार्चची जॉबशीट, म्हणजे काम झाल्यावर कंपनीचा माणूस देतो तो कागद, टाक इथे.

वैशाली : टाकली. "गॅस चार्जिंग डन, कूलिंग ओके" एवढंच आहे त्यावर.

सावंतकाका : इथेच गोम आहे बघ. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. सात आठवड्यांत गेला म्हणजे गळती आहे, आणि मार्चमध्ये गॅस उतरला तोही बहुतेक तिथूनच. ती न शोधता वरून भरून गेला. म्हणजे वॉरंटीत नोंदवलेली तक्रार अजून सुटलेलीच नाही. नवी तक्रार म्हणून बोलूच नकोस, मार्चचा कंप्लेंट नंबर धरूनच बोल.

देशपांडेकाका, बी-१०२ : पण कॉम्प्रेसरला १० वर्षं वॉरंटी असते ना? मग चिंता कसली?

सावंतकाका : ती फक्त कॉम्प्रेसर नावाच्या डब्याला, देशपांडे. बहुतेक वॉरंटी कार्डांवर बारीक अक्षरात असतं की गॅस, मजुरी, वाहतूक ग्राहकाकडे. पीसीबीची, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाची मुदत वेगळी, कॉइलची, म्हणजे गॅस फिरतो त्या नळ्यांच्या जाळीची वेगळी. जाहिरातीतला आकडा मोठा असतो, कार्ड वाचायचं असतं.

नितीन, सी-१०४ : वैशालीताई, आता माणूस आला की नुसतं गेज (प्रेशरचं मीटर) लावून गॅस सोडू देऊ नका. उरलेला गॅस काढायचा, नायट्रोजनचं प्रेशर द्यायचं, जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे, गेजचा काटा खाली येतो का तेही बघायचं. गळती बुजवली की व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा काढायची, मग वजनकाट्यावर मोजून गॅस. आउटडोअर युनिटच्या स्टिकरवर गॅस कोणता आणि किती ते छापलेलं असतं. किती आहे?

वैशाली : आर-३२, ०.८० किलो.

नितीन : मग जॉबशीटवर "८०० ग्रॅम" असं यायला हवं. "गॅस चार्जिंग" म्हणजे किती घातला, का घातला, काहीच कळत नाही. अजून एक. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं बाहेर येतं, त्यामुळे गळतीच्या जागी चिकट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसते. आउटडोअरचे दोन पितळी नट बघा. बाल्कनीत असेल तरच हं, खिडकीबाहेर लटकू नका!

वैशाली : बाल्कनीतच आहे. नट दोन्ही कोरडे. आतल्या युनिटचं झाकण उघडून फिल्टर काढले, तर कॉइलच्या उजव्या टोकाला, नळी वळते तिथे काळपट तेलकट आहे.

नितीन : पुसू नका. बाजूला आजचं वर्तमानपत्र धरून फोटो काढा. नटांशी गळत असतं तर दोष फिटिंगचा, म्हणजे ज्याने बसवला त्याचा. कॉइलला गळत असेल तर दोष मालाचाच. फक्त एक धोका आहे. आपल्या मागच्या नाल्याच्या वायूने तांबं काळं पडून सच्छिद्र होतं, आणि काही कार्डांवर अशा हवेतल्या गंजाला वॉरंटी लागू नाही असं कलम असतं. तुमच्या कार्डावर आहे का बघा. नसेल तर तोंडी सांगितलेलं ऐकायचं नाही.

वैशाली : बघितलं, नाहीये. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवू का तोवर?

नितीन : दाखवा, पण स्क्रू उघडू देऊ नका. "बाहेरच्याने हात लावला" हे एक वाक्य कंपनीला पुरतं.

मंजिरीताई, ए-६०४ : आणि ओटीपी! काम झाल्यावर मागतात तो. तो दिला की त्यांच्या सिस्टिममध्ये तक्रार "ग्राहक समाधानी" म्हणून बंद होते. "साहेब, नाहीतर माझा कॉल पेंडिंग दिसेल" अशी गयावया करतात, कारण बिचाऱ्यांचे पैसे त्यावर असतात. तरी दोन तास एसी चालवून बघितल्याशिवाय द्यायचा नाही.



इम्रान, सी-३०२ : मंजिरीताई, आमच्या फ्रिजचा पीसीबी गेलाय, पाच महिन्यांचा आहे. "व्होल्टेज फ्लक्चुएशन, वॉरंटीत नाही" म्हणतात.

मंजिरीताई : मीटर लावून किती व्होल्ट आले ते जॉबशीटवर लिहून द्या म्हणावं. घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, १० टक्के वरखाली धरून २०७ ते २५३. आकडा न लिहिता "फ्लक्चुएशन" म्हणणं हा नुसता शेरा झाला.

नितीन : पण इम्रानभाई, एक प्रामाणिकपणे बघा. त्याच दिवशी शेजारी कुणाचा टीव्ही, राउटर उडाला का? बिल्डिंगचा न्यूट्रल (विजेची परतीची तार) सैल झाला की काही फ्लॅटना ३५०-४०० व्होल्टपर्यंत जातं. तसं असेल तर फ्रिजचा दोष नाही, कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. पॅनल तपासून घ्यावं लागेल.

इम्रान : नाही, बाकी सगळं चालू आहे. एकटा फ्रिजच.

नितीन : मग आकडा मागाच.

वैशाली : मंजिरीताई, कंपनीने ऐकलंच नाही तर पुढे?

मंजिरीताई : आधी ईमेल, फोन नाही. फोनवरचं कुणाला दाखवता येत नाही. उत्तर नाही आलं तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, व्हॉट्सअ‍ॅपही आहे. ती कंपनीला तक्रार पाठवते आणि पाठपुरावा करते, आदेश देऊ शकत नाही. तरी बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात, कारण तिथे कंपनीचा वेगळा माणूस बघतो. त्यानंतर स्पीड पोस्टने १५ दिवसांची नोटीस. कायद्याने सक्तीची नाही, पण ग्राहक आयोगापुढे वजन पडतं.

देशपांडेकाका : आणि मग वकिलाला २० हजार. एसी ४० हजारांचा!

मंजिरीताई : वकील लागतच नाही काका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः तक्रार मांडता येते, आणि राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. दोष उद्भवल्यापासून २ वर्षांची मुदत. बिल, कार्ड, सगळ्या जॉबशीट, ईमेल आणि प्रतिज्ञापत्र लागतं. कंपनी आणि दुकानदार दोघांनाही विरुद्ध पक्ष करायचं, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवतात. कायद्यात तीन महिने, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिने लिहिलंय. प्रत्यक्षात जास्त धरून चाला.

सावंतकाका : मागणी मोजकी ठेवायची. "मानसिक त्रासाचे पाच लाख" लिहिणाऱ्याकडे कुणी गांभीर्याने बघत नाही. कॉइल बदल, गॅस मोफत, ते जमत नसेल तर एसी बदलून किंवा पैसे परत, आणि वाजवी खर्च.

वैशाली : बिल भावाच्या नावावर आहे. चालेल?

मंजिरीताई : चालेल. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही ग्राहकच. अडचण वेगळीकडे येते. काही जण भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळावं म्हणून धंद्याच्या जीएसटी नंबरवर बिल घेतात आणि एसी लावतात घरी. मग समोरचा म्हणतो, ही व्यापारी खरेदी, तुम्ही ग्राहकच नाही. १८ टक्क्यांच्या मोहात हक्काचं दार आपणच लावून घेतो.

इम्रान : 😬

मंजिरीताई : आणि सगळ्यांनी आज एक करा, बिलांचे फोटो. दुकानातला गुळगुळीत थर्मल कागद कपाटात ठेवला तरी हळूहळू कोरा होतो. मागे "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलं असलं तरी घाबरायचं नाही. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

वैशाली : ईमेल लिहिलाय. बघता का? "१२ एप्रिलला घेतलेल्या एसीतील गॅस पुन्हा संपला असून कृपया तो मोफत भरून द्यावा."

सावंतकाका : "संपला" काढ. संपला म्हटलं की ते म्हणणार, भरायचे पैसे द्या.

मंजिरीताई : असं कर. "२० मार्च रोजी वॉरंटीत नोंदवलेली कूलिंग बंद असल्याची तक्रार, क्रमांक अमुक, अद्याप दूर झालेली नाही. आतील कॉइलच्या उजव्या टोकाला गळती दिसते, फोटो जोडला आहे. गळतीची लेखी तपासणी करून कॉइल विनामूल्य बदलावी आणि स्टिकरनुसार ८०० ग्रॅम आर-३२ भरल्याची नोंद जॉबशीटवर द्यावी. ७ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित."

नितीन : सीरियल नंबर राहिला. आतल्या आणि बाहेरच्या युनिटचा वेगळा असतो, दोन्ही टाका.

वैशाली : टाकले. पाठवते.