केमोनंतर मॅरेथॉन, पैसे संशोधनासाठी: गिऱ्हाइकांना पटवायचं कसं?

मिरचीगल्ली:

नमस्कार मंडळी. मी लालबागची. घरचा मसाल्याचा धंदा, गल्ल्यावर मी बसते. स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं यथासांग पार पडलं. आता रोजची एक गोळी आणि अधूनमधून तपासणी, एवढंच मागे राहिलंय. केमो आली तीही नेमकी एप्रिल-मेच्या सीझनमध्ये. खाली मिरच्या भाजल्या की ठसका तिसऱ्या मजल्यापर्यंत, आणि मी तोंडावर ओला पंचा घेऊन पडलेली. सासूबाई म्हणायच्या, चार महिने गावी जाऊन राहा. म्हटलं, तिथे सलाईन कोण लावणार, रवळनाथ?

हल्ली पहाटे शिवाजी पार्कला धावते. म्हणजे थोडं धावायचं, थोडं चालायचं, पुन्हा धावायचं. येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला उतरायचं आणि त्या निमित्ताने कॅन्सरवरच्या संशोधनासाठी पैसे जमवायचे असं ठरवलंय. उतरायचं पक्कं आहे, तेव्हा 'जिवाला जपा' छापाचे सल्ले नकोत. ते घरी फुकट मिळतात.

अडलंय पैशांपाशी. आमची गिऱ्हाइकं हाताची सढळ. 'वहिनी, आकडा बोला' म्हणतात. पण संशोधन म्हटलं की हात आखडतो. 'एखाद्या गरीब पेशंटचं बिल असेल तर सांगा, आत्ता भरतो. उंदरांवरच्या प्रयोगांना कशाला?' मला त्यांच्याशी वाद घालायचा नाहीये. बेडगी तोलता तोलता दोन वाक्यांत सांगता येईल असं काही हवंय.

दुसरं, डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात. लांब धावलं की तो हात जड होतो, अंगठी रुतते. कुणाला अनुभव?

आणि हाफ (२१ किमी) की फुल (४२ किमी)? मन फुल म्हणतंय.

पहाटपाळी:

मनाला म्हणावं, पुढच्या वर्षी. ताई, यंदा हाफच करा.

मी बेस्टमध्ये होतो, पहाटे उठायची सवय जन्माची, त्यामुळे निवृत्तीनंतर हेच वेड लागलं. मी धावलो तेव्हा हाफ माहीमहून सुटायची आणि सी लिंकवरून वरळीला यायची. अंधारात, खाली पाणी, वर त्या तारा, तिथे सगळेच जोरात पळतात आणि तिथेच फसतात. खरा हिशोब पुढे पेडर रोडच्या चढावर होतो. कोस्टल रोड झाल्यापासून मार्गात बदल होतायत, तेव्हा यंदाचा नकाशा आयोजकांकडूनच बघून घ्या. पण चढाची तयारी हवीच. शिवाजी पार्क म्हणजे सपाट ताट, तिथे कितीही फेऱ्या मारा, पोटऱ्यांना चढ कळत नाही. रविवारी मलबार हिलला या, वाळकेश्वरकडून वर चढा.

ऊन चढायच्या आत संपवायचं बघा. जानेवारी असला तरी मुंबईचा दमटपणा सुटी घेत नाही. रस्त्यात लोक संत्री, चिक्की, काय काय पुढे करतात. सरावात जे खाल्लं असेल तेवढंच घ्या.

फिजिओ_डोंबिवली:

हाताचं मी सांगते. आधी ती अंगठी काढून ठेवा, आणि घड्याळही उजव्या हातात. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या की हातातलं पाणी परत वाहून न्यायची वाट अरुंद होते, म्हणून सूज. मापं घेऊन बनवलेली कॉम्प्रेशन स्लीव्ह, म्हणजे हात दाबून धरणारी बाही मिळते, ती घालून धावा. अंदाजाने विकत घेतलेली घट्ट बाही उलट त्रास देते. धावताना अधूनमधून हात डोक्यावर नेऊन मूठ उघड-मीट करायची. पाण्याची पिशवी पाठीवर घेत असाल तर डाव्या खांद्यावरचा पट्टा रुतत नाही ना, ते बघा.

पूर्वी अशा बायकांना 'पाण्याची कळशीसुद्धा उचलू नका' सांगायचे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं की देखरेखीखाली, हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला तर सूज वाढत नाही. हेही संशोधनच हो, तुमच्या गिऱ्हाइकांना सांगायला हरकत नाही.

हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. केमोत ते लाल रंगाचं औषध असेल तर सराव वाढवण्याआधी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून घ्या, त्या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. तळपायांना मुंग्या किंवा बधिरपणा राहिलाय का? तसं असेल तर फोड आलेला कळत नाही. घरी आल्यावर पाय डोळ्यांनी बघायचे.

रोखठोक:

वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या गिऱ्हाइकांचं मला पटतं. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर माणसं ताटकळत असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. त्यांच्या हातात पैसे पडले तर आज औषध येतं. संशोधनाचा निकाल कधी, कुणाला, कोण जाणे.

फॉलोअप_फोनवाली:

'कोण जाणे' याचं उत्तर मी देऊ शकते, कारण उपचार चालतो की नाही हे पेशंटवर तपासणाऱ्या एका चाचणीत मी पेशंटना फोन करायचं काम करते.

मिरचीगल्ली, तुम्हाला हवी ती गोष्ट मुंबईतलीच आहे, आणि त्यात उंदीर नाहीत. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या ११ केंद्रांवर १,६०० स्त्रियांवर चाचणी झाली. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन सुरू करण्यापूर्वी ७ ते १० मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. हो, दात काढताना देतात तेच. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांत ९०.१ टक्के जिवंत होत्या, न मिळालेल्यांत ८६.४. भरती २०११ मध्ये सुरू झाली, निकाल छापून आला २०२३ मध्ये.

आता सांगा, इतक्या जुन्या, स्वस्त औषधावर कुठली कंपनी पैसा लावेल? सिद्ध झालं तरी तिला त्यात मिळणार काय? असल्या प्रश्नांसाठी पैसा सरकारकडून यायचा, नाहीतर लोकांकडून.

आणि तो जातो कुठे? बराचसा आमच्यासारख्यांच्या कामात. बाई बिहारमधल्या गावी परत गेलेली, फॉर्मवरचा नंबर तिथल्या किराणा दुकानाचा. दुकानदार म्हणतो, 'वो खेत पे है, शाम को करो.' संध्याकाळी केला तर दुकान बंद. असं करत करत ती फोनवर आली, बरी आहे कळलं, की तक्त्यात एक खूण. ती खूण राहिली तर निकाल लंगडा पडतो. शिवाय तपासणीला यायचं गाडीभाडं, नमुने साठवायचा फ्रीजर, आकडेमोड करणारा माणूस.

रोखठोक, फुटपाथवरच्या माणसाचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण त्याच्या हातात जे औषध पडतं ते चालतं हे कुणीतरी आधी असंच मोजलेलं असतं.

रोखठोक:

इंजेक्शनचं माहीत नव्हतं. तरी मी निम्मे धर्मशाळेला देणार.

मिरचीगल्ली:

द्या की, दोन्हीकडे द्या.

फोनवाली, वाक्य मिळालं: 'दातवाला देतो ते इंजेक्शन ऑपरेशनआधी गाठीभोवती दिलं तर जास्त बायका जगतात, हे आपल्या परळच्या डॉक्टरांनी शोधलं. कंपनीला त्यात नफा नाही, म्हणून तुमच्याकडे मागतेय.' दुपारी एका गिऱ्हाइकावर वापरून पाहिलं. बाई म्हणाल्या, माझ्या बहिणीला दिलं होतं का हो ते? मला काय सांगावं कळेना. मसाला बांधून दिला, त्यांनी पैसे दिले, आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

अंगठी काढली. साबण लावून निघाली. एकोची वेळ घेतलीय. हाफ तर हाफ.

आता एक व्यवहाराचं. आमच्याकडे निम्मं गिऱ्हाईक रोखीवालं. रोख घेऊन मी माझ्या खात्यातून भरले तर चालेल?

पहाटपाळी:

नको. पावती ज्याच्या खात्यातून पैसे जातात त्याच्या नावाने निघते. उद्या कुणी 'माझी पावती कुठे' म्हटलं तर तुम्ही अडकाल. संस्थेचा क्यूआर कोड छापून काउंटरवर चिकटवा. रोखच द्यायची असेल तर संस्थेचं पावतीपुस्तक मागून घ्या, आणि सांगून ठेवा की २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही. सवलत तशीही जुन्या करपद्धतीवाल्यांनाच.

मॅरेथॉनचा देणग्यांचा कारभार युनायटेड वे मुंबईकडे असतो. त्यांच्या यादीतली संस्था निवडताना एवढंच विचारा, की पैसे संशोधनाला जाणार की उपचारांना, आणि उत्तर लेखी घ्या. कॅन्सरचं काम करणाऱ्या सगळ्याच संस्था संशोधन करत नाहीत. नोंदणी मात्र आधी उरका, हाफच्या जागा भराभर जातात.